चौतिसाव्या वर्षी पहिला पगार

२०२२ च्या जानेवारीत वेल्सच्या रग्बी युनियनने बारा मुलींची यादी जाहीर केली. बातमी तशी छोटीच. महिला संघातल्या बारा जणींना पहिल्यांदाच पूर्णवेळ करार मिळाले होते. म्हणजे रग्बी हेच आता त्यांचं काम, आणि त्या कामाचा रीतसर पगार. यादीत जॅस्मिन जॉईस होती, कीरा बेव्हन होती, हॅना जोन्स होती. या सगळ्या अजून बरीच वर्षं खेळतील अशा मुली. आणि त्यांच्यातच एक नाव होतं शुआन लिलिक्रॅपचं. संघाची कर्णधार, आठ नंबरची खेळाडू, वय ३४. या नावापाशी नजर अडखळते. दोन्ही संघांच्या आठ-आठ जणी वाकून एकमेकींना रेटतात त्या स्क्रममध्ये मान आणि खांदे झिजवणाऱ्या खेळाडूसाठी चौतीस म्हणजे उतरतं ऊन. त्या वयात बहुतेक जणी बूट खुंटीला टांगून मोकळ्या झालेल्या असतात, आणि हिला खेळण्याचा पगार तेव्हा कुठे सुरू झाला. पुढे वर्षभरातच, २०२३ च्या सुरुवातीला, तिने निवृत्ती जाहीर केली. खात्यावर ५१ आंतरराष्ट्रीय सामने. त्या पगारी वर्षात वेल्सचा संघ असे एकूण ११ सामने खेळला. ती अकराच्या अकरा खेळली असं धरलं तरी उरलेले चाळीस सामने ती दुसरी नोकरी सांभाळून खेळली.

तो चाळीसचा आकडा डोक्यातून जात नाही.

नावाचं थोडं सांगायला हवं. इंग्रजी अक्षरं वाचून आपण सहज ‘सिवान’ म्हणून जाऊ. पण वेल्श भाषेत ‘एस-आय’च्या पुढे स्वर आला की उच्चार ‘श’ होतो, म्हणून ती शुआन. स्वान्सीकडची. जन्म १९८७ चा. हे साल लक्षात ठेवावं, कारण वेल्सच्या महिला संघाचं सालही तेच आहे. ५ एप्रिल १९८७ रोजी पाँटिपूल पार्कवर वेल्सच्या मुली इंग्लंडविरुद्ध पहिला सामना खेळल्या आणि २२–४ ने हरल्या. ते ‘४’ बघा. तेव्हा एका ट्रायला चारच गुण मिळत, पाच झाले ते १९९२ नंतर. म्हणजे त्या दिवशी वेल्सच्या एका मुलीने एकदा चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला होता, म्हणजे ट्राय केला होता, आणि त्यानंतरची जादा गुणांची किक पोस्टमधून गेली नव्हती. एवढं सगळं त्या एका आकड्यात मावतं.

त्या पहिल्या संघाची कर्णधार लिझा बर्जेस, न्यूपोर्टची, आणि तीही आठ नंबरची. सगळे तिला ‘बर्ड’ म्हणत. रग्बी शिकली ती इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठात. ज्या देशात गावागावांत रग्बीचं मैदान आणि क्लब आहे, त्या देशातल्या मुलीला चेंडू हातात धरायला सीमेपलीकडे जावं लागलं, हे मला आजही पटकन पचत नाही. १९८६ मध्ये ग्रेट ब्रिटनचा महिला संघ पहिल्यांदा फ्रान्सशी खेळला त्यातही ती होती. पुढे लंडनच्या सॅरासेन्स क्लबचा महिला संघ उभा करणाऱ्यांत तिचा हात होता. वेल्ससाठी ८७ सामने, त्यातले ६२ कर्णधार म्हणून. १९८७ पासून थेट २००७ पर्यंत, वीस वर्षं. आणि एवढ्या काळात खेळण्याचा मोबदला म्हणून काहीही नाही, उलट पदरमोडच.

१९९१ चा पहिला महिला विश्वचषक कार्डिफ आणि आसपासच्या मैदानांवर झाला, तेव्हाची गोष्ट या खेळात सगळ्यांना ठाऊक असते. बारा संघ, ६ ते १४ एप्रिल असे नऊ दिवस. लंडनच्या रिचमंड क्लबमधल्या चार बायकांनी स्पर्धा अक्षरशः हातावर उभी केली. आंतरराष्ट्रीय मंडळाने मान्यता दिली नाही, ती कितीतरी वर्षांनी मिळाली. सोव्हिएत संघाकडे खर्चाला पैसे नव्हते, म्हणून त्या मुली विकायला व्होडका, कॅव्हियार आणि लाकडी बाहुल्या घेऊन आल्या होत्या. यजमान वेल्सने कॅनडाशी ९–९ अशी बरोबरी केली आणि न्यूझीलंडकडून २४–६ असा मार खाल्ला. कार्डिफ आर्म्स पार्कवरच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९–६ ने हरवलं. सोव्हिएत मुलींच्या व्होडकाचा किस्सा हसत हसत सांगितला जातो. त्या मुलींना त्यात हसण्यासारखं कितपत वाटलं असेल, कोण जाणे.

आता आठ नंबरची जागा म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू.

स्क्रममध्ये एका संघाच्या आठ जणी. पुढे तिघी, दोन बाजूंना प्रॉप आणि मध्ये हूकर. त्यांच्या मागे दोन लॉक, लॉकच्या कडेला दोन फ्लँकर, आणि सगळ्यांत मागे ही एकटी. कबड्डीत बचावपटू हाताला हात धरून साखळी करतात. इथे साखळी अंगाला अंगाची असते. दोन्ही लॉक एकमेकींना घट्ट आवळून पुढच्या तिघींच्या मधल्या फटींत डोकी खुपसतात, आणि आठ नंबर या दोघींच्या कुल्ल्यांच्या मधल्या फटीत आपलं डोकं घालते. दोन्ही हात लॉकच्या बाहेरच्या बाजूंनी फिरवून तिथली पँट मुठीत धरायची. पाय खांद्याएवढे फाकवलेले, गुडघे काटकोनापेक्षा थोडे जास्त उघडे, पाठ टेबलासारखी सपाट. पाठ मध्येच वाकली की ताकद पुढे जात नाही, कमरेत मुरते, आणि दुसऱ्या दिवशी ती कंबर बोलते. पंच तीन शब्द म्हणतात: क्राउच, बाइंड, सेट. पहिल्यावर सगळ्या वाकतात, दुसऱ्यावर समोरासमोरच्या प्रॉप एकमेकींना धरतात, तिसऱ्यावर दोन्ही बाजू भिडतात. त्या धक्क्याच्या वेळी आठ नंबरच्या कानांवर दोन्हीकडून लॉकच्या मांड्या घासतात. म्हणून डोक्याभोवती चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे, खाली कानांना व्हॅसलीन. पट्टी सैल राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्या स्क्रमला ती सुटून डोळ्यावर येते. पट्टी लावलीच नाही, तर दोन-तीन हंगामांत कान तालमीतल्या पैलवानासारखा चुरगळून जातो.

मग स्क्रमच्या बाहेर उभी असलेली नववी मुलगी, स्क्रम-हाफ, डावीकडून चेंडू आत टाकते. हूकर टाचेने तो मागे ओढते, आणि चेंडू लॉकच्या पायांमधून घरंगळत आठ नंबरच्या पायाशी येतो. डोकं अजून आतच असल्याने तिला तो दिसत नाही. बुटाच्या तळव्याला लागला की कळतं. इथून पुढचे दोन-तीन सेकंद तिचे. एकाच वेळी ढकलायचं आणि त्याच पायांनी चेंडू अडवून धरायचा. पाय फार पुढे गेला तर चेंडू टाचेला लागून बाहेर उडतो आणि समोरची स्क्रम-हाफ त्याच्यावर झडप घालते. पाय फार मागे राहिला तर चेंडू मधेच अडकतो, आणि तोवर स्क्रम वळायला लागतो. तो नव्वद अंशांपलीकडे फिरला की पंच शिट्टी मारून थांबवणार. २०१७ मध्ये नियम थोडा सैल झाला आणि लॉकच्या पायांपाशी असलेला चेंडूही आठ नंबरला उचलता येऊ लागला. त्याने बराच फरक पडला, कारण मागे रेटल्या जाणाऱ्या स्क्रममध्ये चेंडू शेवटच्या पायापर्यंत येण्याची वाट बघणं म्हणजे तो घालवणंच.

उचलायचं ठरवलं तर बहुतेकदा उजवीकडे. कारण सरळ आहे. दोन्ही संघांच्या स्क्रम-हाफ चेंडू टाकला त्या डाव्या बाजूला असतात, उजवीकडे अडवायला समोरची एक फ्लँकर तेवढी. दोन्ही हातांनी चेंडू उचलायचा, कंबर वर न आणता. घाईत आधी मान वर करून समोर कोण आहे ते बघण्याचा मोह होतो, आणि नव्या मुलींचा चेंडू नेमका तिथेच सुटतो, कारण डोळे वर गेले की हात वर येतात. उचलला की तो उजव्या काखेत, म्हणजे अंगावर येणारीपासून लांब, आणि डावा हात तिला ढकलायला मोकळा. पहिली तीन पावलं लहान. चौथ्या पावलाला कुणीतरी भिडणारच, ते धरूनच चालायचं. पाच मीटर मिळाले तर सोनं. मैदानाबाहेरून बघणाऱ्याला यात एक बाई उठून धावली आणि पडली एवढंच दिसतं. पण त्या पाच मीटरांसाठी समोरच्या फ्लँकरना मागे यावं लागतं, त्यांची रांग विस्कटते, आणि पुढच्या फेकीला आपल्या बॅक्सना, म्हणजे स्क्रमबाहेर मागे पसरलेल्या मुलींना, जागा मिळते.

लिलिक्रॅपने वेल्ससाठी हे पहिल्यांदा केलं ते २०१६ च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे सहा युरोपीय संघांच्या वार्षिक स्पर्धेत, अठ्ठाविसाव्या वर्षी. उशीरच म्हणायचा. तोवर आणि त्यानंतरही तिची नोकरी रग्बीतलीच, पण दुसऱ्या बाजूची. स्वान्सी विद्यापीठात ती रग्बीची प्रमुख होती. विद्यार्थ्यांचे संघ, प्रशिक्षक, सामन्यांचं वेळापत्रक, बसगाड्या, हे सगळं बघायचं आणि उरलेल्या वेळात आपण खेळायचं. हौशी आंतरराष्ट्रीय खेळाडूचा आठवडा असाच असतो. पहाटे जिम, दिवसभर काम, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामना. इंग्लंडमधली क्लब स्पर्धा दर्जेदार, म्हणून वेल्सच्या कितीतरी मुली ब्रिस्टल नाहीतर ग्लॉस्टरच्या क्लबकडून खेळत. स्वान्सीहून ब्रिस्टल जवळपास सव्वाशे किलोमीटर, तेही एका बाजूने. एम-४ महामार्गाने जायचं आणि सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडायचा. त्या पुलाचा टोल वेल्समध्ये शिरतानाच घेत, बाहेर पडताना नाही. म्हणजे सराव संपवून, खांद्याला बर्फ बांधून, रात्री दहाच्या पुढे घरी परतताना खिडकीची काच खाली करायची आणि घरी जायचे पैसे भरायचे. डिसेंबर २०१८ मध्ये तो टोल बंद झाला. महिला रग्बीच्या इतिहासात कुणी ही तारीख लिहिणार नाही, पण तिथे ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

अशा आठवड्यात नेमकं काय मागे पडतं, तर स्क्रमचा सराव. पळणं एकटीने करता येतं, वजनं एकटीने उचलता येतात. पण स्क्रमला एका बाजूच्या आठही जणी एका वेळी, एका जागी, आणि ताज्या पायांनी हव्यात. कामावरून आलेल्या, दिवसभर उभ्या राहिलेल्या किंवा तीन तास गाडी चालवून आलेल्या मुलींना रात्री आठ वाजता स्क्रमच्या यंत्राला भिडवलं, की तिसऱ्या-चौथ्या फेरीत गुडघे उघडायला लागतात, पाठी वाकतात. तेव्हा थांबलेलं बरं, नाहीतर कुणाची तरी मान जाते. म्हणजे आठवड्यातून पाच-सहा चांगले धक्के, बस. समोर इंग्लंड. त्यांनी २०१९ च्या जानेवारीत २८ जणींना पूर्णवेळ करार दिले होते, आणि त्या दिवसाउजेडी हवं तितक्या वेळा भिडत होत्या.

हा फरक लिलिक्रॅपच्या कर्णधारपदात पुरेपूर उतरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्याकडे संघ आला, आणि सुरुवात झकास झाली. स्पेनला माद्रिदमध्ये २९–५, आयर्लंडला १५–१३. त्यानंतर जी उतरण लागली ती जवळजवळ दोन वर्षं थांबली नाही. २०२० च्या सिक्स नेशन्समध्ये एकही विजय नाही. फ्रान्सकडून ५०–०, इंग्लंडकडून ६६–७. २०२१ मध्ये पुन्हा फ्रान्सकडून ५३–०, आणि पुढच्याच आठवड्यात घरच्या आर्म्स पार्कवर आयर्लंडकडून ४५–०. पाठोपाठ दोन सामन्यांत एकही गुण नाही. अशा सामन्यानंतर कर्णधाराला कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. चेहऱ्यावर माती, पट्टीने लाल झालेलं कपाळ, आणि प्रश्न असा की काय चुकलं. काय चुकलं ते तिला माहीत असतं. पण ते मैदानावर चुकलेलं नसतं, आणि मैदानाबाहेरचं त्या मिनिटाला बोलायचं नसतं.

त्याच वर्षी शंभराहून अधिक माजी खेळाडूंनी एकत्र येऊन युनियनला जाब विचारला. मुलींच्या खेळासाठी नेमकं काय करणार, ते सांगा. १९८७ पासून पदरमोड करून खेळलेल्या बायका होत्या त्या. मागे लागल्याशिवाय इथे काही हलत नाही, हे त्यांना वीस-तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. नोव्हेंबरात योआन कनिंगहॅम प्रशिक्षक म्हणून आले, जपानला २३–५ ने हरवून दुष्काळ संपला, आणि जानेवारीत ती बारा नावांची यादी आली.

पगाराने काय बदलतं, असं विचारणारे अजूनही भेटतात. पगाराने कुणाचा वेग एका दिवसात वाढत नाही. बदलतं ते झोपेचं. रविवारी सामना झाला की सोमवारी सकाळी फिजिओकडे जाता येतं, कामावर नाही. सुजलेला घोटा आठवडाभर तसाच ओढला जात नाही. सराव कार्डिफजवळच्या व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गनच्या केंद्रावर, दिवसा. लॉक आणि आठ नंबर रोज एकमेकींना धरतात, त्यामुळे कुणाचा हात कुठे बसतो ते सांगावं लागत नाही. आणि हे सगळं दिसतं ऐंशी मिनिटांच्या सामन्यात साठाव्या मिनिटानंतर. त्या वर्षीचे पहिले दोन सामने आठवा. डब्लिनमध्ये आयर्लंडला २७–१९, आठवड्याने आर्म्स पार्कवर स्कॉटलंडला २४–१९. दोन्ही सामन्यांत वेल्स आधी मागे होता आणि दोन्ही वेळा उत्तरार्धात वर आला. ज्या आयर्लंडने वर्षापूर्वी ४५–० असं धुतलं होतं, त्यांच्याच घरी. कर्णधार तीच. स्पर्धेत वेल्स तिसरा आला. पुढे इंग्लंडकडून ५८–५, फ्रान्सकडून ३३–५ अशा हारी झाल्याच, इटलीनेही दोन गुणांनी चटका लावला. इंग्लंडशी तीन वर्षांचं अंतर तीन महिन्यांत कापता येत नाही.

मग आला न्यूझीलंडमधला विश्वचषक, आणि त्याआधीच कर्णधारपद हॅना जोन्सकडे गेलं. क्रीडादृष्ट्या निर्णय समजण्यासारखा होता. हॅना तरुण, पुढची काही वर्षं तिचीच, आणि आठ नंबरला लिलिक्रॅपची जागा आता हक्काची राहिली नव्हती. तरीही ५३–० आणि ४५–० च्या दिवशी कॅमेऱ्यासमोर जी उभी राहिली, तिने विश्वचषकात संघापुढे चालत मैदानावर यावं असं वाटतच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. ती संघाबरोबर गेली, साधी खेळाडू म्हणून. फांगारेला स्कॉटलंडविरुद्ध ८० मिनिटं उलटून गेली तेव्हा १५–१५ होते. शेवटची पेनल्टी मिळाली, कीरा बेव्हनने चेंडू ठेवला आणि मारला. १८–१५. बेव्हन स्क्रम-हाफ, म्हणजे आठ नंबरच्या पायाशी आलेल्या चेंडूची वाट बघत सगळ्यांत जवळ वाकलेली असते ती मुलगी. त्या विजयाने वेल्स उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे यजमान न्यूझीलंडने ५५–३ ने गुंडाळलं. लिलिक्रॅपची कारकीर्द त्या स्पर्धेपाशी संपली.

निवृत्ती जाहीर झाली त्याच सुमाराला युनियनने नव्या करारांची यादी काढली. बाराच्या जागी या वेळी पंचवीस नावं. पुढे सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०२४ मध्ये याच करारांच्या वाटाघाटींवरून खेळाडू आणि युनियन यांच्यात कटुता आली आणि युनियनला माफी मागावी लागली. मैदानावरही २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वेल्स सिक्स नेशन्समध्ये तळाला राहिला. लिझा बर्जेसचं नाव २०१८ मध्ये जागतिक रग्बीच्या मानाच्या दालनात लागलं, त्या मानाला पोहोचलेली ती पहिली वेल्श महिला. आणि बर्जेसनेही, लिलिक्रॅपनेही, पुढच्या पोरींना शिकवण्यात वर्षं घातली.

२५ मार्च २०२३, कार्डिफ आर्म्स पार्क, समोर पुन्हा आयर्लंड. वेल्सच्या पंचवीस पगारी मुलींचा हा पहिला सामना. ३१–५ ने जिंकला. पहिल्या स्क्रमला पंच ‘क्राउच’ म्हणाले, सगळ्या वाकल्या, लॉकच्या मागे दुसऱ्या एका मुलीने पट्टी बांधलेलं डोकं आत घातलं आणि दोन्ही मुठींत पँट घट्ट धरली.